तिसरा सिलिंडर

फोन आला तेव्हा मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगची खोकी तपासून घेत होते. गाळप सुरू व्हायच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. स्क्रीनवर ‘बोकारे’ दिसलं म्हणून मी फोन कानाला लावताच विचारलं, “वाळली का?” पलीकडे दिगंबरराव होते, माझ्या मैत्रिणीचे यजमान. ते म्हणाले, “ताई, शोभा गेली.” मग मला ऐकू गेलं नसावं असं वाटून की काय, पुन्हा म्हणाले, “पहाटे छातीत दुखाय लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत…” मी “निघते” एवढंच म्हणाले आणि सवयीने हातातल्या पावतीच्या पाठीमागे यादी केली. संकट आलं की मी यादी करते, त्याशिवाय माझे पाय हलत नाहीत. ती पावती नंतर पर्समध्ये सापडली. रजा. पेट्रोल. शेजारी किल्ली. टरफलं. येत्या रविवारी नांदेडला जाताना घरातली अक्रोडाची टरफलं न्यायची, हे आठवडाभर डोक्यात होतं. डोक्याला बातमी कळली होती, हाताला अजून कळायची होती.

शोभा बोकारे हे तिचं माहेरचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललं, पण माझ्या फोनमध्ये आणि तोंडात ती बोकारेच राहिली आणि मी तिच्या तोंडात बिरादार. सुरुवातीला तिच्या घरी फोन लावून मी बोकारेला विचारलं की दिगंबरराव गंभीर आवाजात सांगायचे, “या नावाचं इथं कुणी राहत नाही, नंबर चुकला,” आणि मागून तिचं हसू ऐकू यायचं. लातूरहून नांदेडला जायचा माझा रस्ता ठरलेला, अहमदपूर, लोहा, मग नांदेड. लोह्याला चहा घ्यायचा आणि तिथून तिला कळवायचं, “लोहा सोडलं.” की ती भात लावायची. त्या दिवशीही लोह्याला माझी गाडी आपसूक थांबली. चहा सांगितला, फोन हातात घेतला… आणि पर्समध्ये परत ठेवला. चहा तसाच टाकून निघाले.

घरासमोर माणसं जमली होती. पोर्चमध्ये शोभाची गाडी उभी, बॉनेट नुसतं टेकवलेलं, आणि तिच्यामुळे अंगणात जायला एका माणसापुरती वाट. पुढची तयारी करायला, लोकांना बसायला जागा हवी होती. दिगंबररावांच्या भावकीतले एक चटपटीत गृहस्थ माझ्याकडे आले.

“ताई, गाडी बाहेर काढायची हाय. चावी कुठं असती, माहीत हाय का?”

“चावी आहे. पण चालू होणार नाही.”

“बॅटरी गेली का?”

“नाही. इंजिन उघडलंय.”

“कोन उघडलं?”

“आम्ही.”

“आम्ही म्हंजे?”

मी दाराकडे पाहिलं. आत तिला ठेवलं होतं. त्यांनीही तिकडे पाहिलं. मागे वळून हाक दिली, “ए, चार-पाच जण या रे इकडं, ढकलायची हाय.” मी स्टिअरिंगवर बसले. गाडी उलटी बाहेर काढायची होती, त्यामुळे समोरच्या काचेतून ते घर, ती पायरी, दारातली माणसं हळूहळू लांब जाताना दिसत राहिली. एरवी गाडी मागे घेताना “ये, ये, अजून ये, भिऊ नको,” असं ओरडायला ती मागे उभी असायची. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि उतरले. त्या दिवशी तिच्यासाठी मी केलेलं काम एवढंच.

नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात असताना मेकॅनिकलच्या आमच्या वर्गात मुली दोनच होत्या. हजेरीत बिरादारच्या लगेच खाली बोकारे, म्हणून वर्कशॉपमध्येही आमची जोडी लागली. मी उदगीरकडची, घरात दोन वाक्यं मराठी आणि एक कानडी बोलणारी; ती नांदेडजवळच्या खेड्यातली, तिला गप्प बसणं माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी वहीत हत्यारांची नावं ओळीने लिहून काढत होते. ती माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, “ए बिरादार, पाना धरता येतो का नुसती नावं लिवून राहिलीस?” मी म्हटलं, “नावं माहीत नसतील तर धरणार काय?” ती म्हणाली, “हाव, बरोबर हाय. तू नाव सांग, मी धरते.” पुढची सगळी वर्षं हेच चाललं. मशीनभोवती पोरांचा गराडा असायचा. शोभा कोपर मारून आत शिरायची आणि मागे हात लांब करून मला ओढून घ्यायची. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरायला गेलो की पाण्याकडे बघत ती मोठ्याने स्वप्नं सांगायची. तिला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. माझं स्वप्न तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुझ्या गॅरेजचं स्टोअर मी सांभाळीन. ती इतकी हसली की पलीकडे म्हशी धुणारा माणूस वळून बघायला लागला.

गॅरेज निघालं नाही. मला कारखान्यात स्टोअरची नोकरी लागली, ती अजून आहे. तिने काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण, आणि मग घरीच इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शिकवण्या. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही. हा विषय माझ्यापुरता एका वाक्यात संपतो. शोभाने त्यावर दुसरं वाक्य कधी बोलून दाखवलं नाही. असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. दिवाळीला मी तिच्याकडे असायचे. न विचारता माझं ताट वाढलेलं असायचं.

आणि मग गाड्या आल्या. आधी तिच्या घरी, मग वर्षभरात तशीच, त्याच रंगाची मी घेतली. दुसरी कुठली बघितलीच नाही. काही वर्षांनी एका सकाळी तिने मला एक फोटो पाठवला. काळाकुट्ट, खरबरीत, मध्ये एक दांडा. मागोमाग फोन.

“बघितलास का?”

“बघितला. हे काय, तव्याचं बूड?”

“माझ्या इंजिनाचा घसा हाय. लई चोंदलाय. नळीवाला कॅमेरा आत घालून फोटो काढला. गाडी दाखवली तिथला माणूस म्हणतो, मॅडम, थंड असताना थोडी थरथरतेच. म्हटलं, थंडीत मीबी थरथरते, पण चढावर दम सोडत नाही.”

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या दोघींच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. आधीच्या गाड्यांत ते बाहेरच हवेत मिसळायचं आणि हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरून जाताना त्यांना धुऊन काढायचं. थेट फवाऱ्यात व्हॉल्व्हची ती अंघोळ चुकते. इंजिनातल्या तेलाची वाफ त्यांच्या पाठीवर बसते, भाजते, थरावर थर चढत जातो. मग सकाळी गाडी थरथरते, पिकअप जातो, कधी एखादा सिलिंडर पेट घ्यायला चुकतो. पेट्रोलमध्ये कुठलं औषध घालून उपयोग नाही, कारण पेट्रोल तिथे पोचतच नाही. हवेचा पाइप-जोड उतरवायचा आणि अक्रोडाच्या टरफलांचा रवा दाबाच्या हवेने त्या काजळीवर मारायचा. टरफल काजळी उडवण्याइतकं कडक असतं आणि धातूला ओरखडा पडणार नाही इतकं मऊ. आत उडालेला सगळा कचरा व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्यायचा. हे सगळं शोभाने कुठून कुठून वाचून काढलं होतं आणि मला विचारायच्या आधी ठरवूनही टाकलं होतं.

तयार रवा बाजारात मिळतो. पण शोभाला तो विकत आणणं म्हणजे पुरणपोळी हॉटेलातून मागवण्यासारखं वाटायचं. त्यामुळे दोन्ही घरांत वर्षभर अक्रोड खाल्ले जाऊ लागले. तिच्या सासूबाई तेव्हा होत्या. “अक्रोड खायाचं आन टरफलं देवावाणी डब्यात ठिवायची, हे कंचं व्रत म्हणायचं?” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या. पहिल्या वर्षी टरफलं आम्ही मिक्सरमध्ये फिरवली. ते भांडं लसणाच्या तिखट चटणीचं होतं. ते शोभाने धुतलंय असं मला वाटलं आणि मी धुतलंय असं तिला. रंगाऱ्याकडून मागून आणलेला कॉम्प्रेसर सुरू झाला, तिने बंदूक लावली, आणि व्हॅक्युमच्या फटीतून जो काही धुरळा बाहेर आला… पोर्चमध्ये आम्ही दोघी, ओट्यावर दिगंबरराव, रस्त्यावरून जाणारे दोन शेजारी, सगळे शिंकायला लागलो. डोळ्यांना धारा. आतून सासूबाई नाकाला पदर लावून आल्या, “अगं बायांनो, इंजिनाला फोडणी दिली का काय?” शोभा हसता हसता चाकाजवळ खाली बसली ती उठेचना. त्या वर्षानंतर टरफलं खलबत्त्यातच कुटायची आणि रव्याच्या चाळणीने चाळायची, असं ठरलं.

या कामात एक गोष्ट जिवाची असते. जो सिलिंडर साफ करायचा, त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले हवेत. किंचित उघडे राहिले तर टरफलाचे कण आत सिलिंडरमध्ये पडणार. म्हणून एकीने पुढचं चाक काढून त्या पोकळीत बसायचं आणि पान्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. दुसरीने वरून बॅटरीच्या उजेडात आत बघत राहायचं. फिरवायची ती. बघायचे मी. खालून तिचा आवाज यायचा, “बसला का, बिरादार?” मी म्हणायचे, “थांब… अजून थोडं… अजून… बसला.” माझ्या ‘बसला’शिवाय ती हवेच्या बंदुकीला हात लावत नसे. स्वतः येऊन बघत नसे. कारखान्यात मी मोजलेला माल पुन्हा मोजला जातो, तसा नियमच आहे आणि तो योग्यच आहे. शोभाने मात्र माझा शब्द पुन्हा कधी तपासला नाही.

एक वर्ष तिची गाडी, एक वर्ष माझी, असा नेम पडला. खरं सांगायचं तर इतक्या वेळा हे करायची गरज नसते. आमच्या गाड्या एवढ्या धावतही नव्हत्या. माझी तर घर ते कारखाना आणि मधूनमधून नांदेड. हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. तो विषय कधी निघाला नाही. दर गुरुवारी जेवणानंतर तिचा फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं की ती म्हणायची, “हलव बघू.” मी फोन ओट्यावर टेकवून ठेवायचे, टरफलांचा डबा त्याच्यासमोर धरून हलवायचे. ती क्षणभर ऐकायची आणि निकाल द्यायची, “ओली हायेत. उन्हात घाल.” किंवा “हां, आता खडखड वाजून राहिली. ठेव झाकून.” ओल्या टरफलांचा रवा बंदुकीत चिकटतो, हे खरंच आहे. पण डब्याचा आवाज फोनवरून ऐकून ओल सांगणारी माणसं किती असतील, कल्पना नाही.

यंदा तिच्या गाडीची पाळी होती. मी शनिवारी गेले, रविवारी सकाळी काम सुरू केलं. तिची हत्यारं कुठेही पडलेली असायची. माझ्या गाडीच्या वेळी मी पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवते, ती मात्र सगळे बोल्ट जुन्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत टाकायची आणि वर मला सांगायची, “जिऱ्याच्या वाटीतले वरचे, मोहरीतले खालचे. यात लिवायचं काय?” तीन सिलिंडरचं इंजिन. दोन छान झाले, आतला धातू चकाकायला लागला. तिसऱ्याला हात घालणार तोच रवा बंदुकीत अडकायला लागला. आदल्या आठवड्यात परतीच्या पावसाने तिची टरफलं भिजली होती आणि तिला वाटलं होतं तितकी ती वाळली नव्हती. तिने बंदूक खाली ठेवली. “जाऊ दे. गच्चीवर पसरते. पुढच्या रविवारी ये, तवर वाळतील.” आम्ही तिन्ही तोंडं स्वच्छ फडक्यांनी बुजवली, चाक परत चढवलं, बॉनेट टेकवलं. निघताना तिने मला ज्वारीचं पीठ आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. गुरुवारी फोन आला तेव्हा ती गच्चीवरच होती. “ऐक,” म्हणाली आणि जुन्या साडीवर पसरलेल्या टरफलांतून हात फिरवला. मी म्हटलं, “मला काही कळत नाही.” ती म्हणाली, “बसकी वाजतेत अजून. दोन उन्हं लागतील.” आमचं शेवटचं बोलणं ते. शुक्रवारी फोनवर तिचं नाव दिसताच मी “वाळली का?” म्हणाले ते त्यामुळे.

नंतरचे दिवस जसे जातात तसे गेले. गाडी कडुलिंबाखाली होती, वर ताडपत्री, तिच्यावर पाला आणि पक्ष्यांची घाण. शोभाचा मुलगा निखिल हैदराबादला नोकरी करतो. समंजस मुलगा आहे. तेरावं झाल्यावर तो मला म्हणाला, “मावशी, गाडी गॅरेजला देतो. बाबांना चालवायची नाहीये, नीट करून विकून टाकू.” मी म्हटलं, “एकच सिलिंडर राहिलाय.” तो म्हणाला, “हो, पण ते लोक काय, तिन्ही करतील ना एकदमच.” यात चुकीचं काहीच नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. पण मला ते नको होतं. ते दोन सिलिंडर तिने साफ केले होते, माझ्या शब्दावर. त्यात दुसऱ्या कुणी तोंड घालून बघू नये आणि तिसराही आम्ही सोडून कुणी करू नये, एवढंच मला हवं होतं. आणि ‘आम्ही’ तर आता नव्हतो. मी पर्स उचलली आणि निघाले. लातूरला परत आले. कारखाना सुरू झाला होता, कामाला तोटा नव्हता. रविवारी मात्र मी धुणं, भांडी, आठवड्याची भाजी, सगळं सकाळीच उरकायचे आणि मग दिवस तसाच्या तसा उरायचा.

दिवाळी गेली. यंदा मी कुठेच गेले नाही. त्यानंतर एका शुक्रवारी दिगंबररावांचा फोन आला. या माणसाने शाळेत मुख्याध्यापक म्हणून आयुष्य काढलं, पण घरात त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. ते म्हणाले, “ताई, सोमवारी गाडी न्यायला माणूस येणार हाय. निखिलनं सांगितलंय.” मी “बरं” म्हणाले. मग ते म्हणाले, “मधी रविवार हाय… म्हणून सांगितलं.”

रविवारी लोह्याला मी थांबले नाही. पोचले तेव्हा दिगंबररावांनी शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी पोर्चमध्ये आणून ठेवली होती, ताडपत्री धुऊन वाळत घातली होती, आणि टरफलं एका पिशवीत भरून ओट्यावर ठेवली होती. “किती उन्हं द्यायची ते माहीत नव्हतं,” ते म्हणाले, “म्हणून रोजच पसरली.” मी मूठभर टरफलं हातात घेऊन चुरडली. काडकन मोडली. मी खलबत्ता मागितला, ओट्यावर बसून कुटलं, चाळलं. त्यांनी कॉम्प्रेसर आणून ठेवला होता. मी न सांगता. इतकी वर्षं ओट्यावर बसून ते नुसते पेपर वाचत होते असं आम्हाला वाटायचं.

चाक काढलं. मी म्हटलं, “एकजण खाली लागतो.” ते लगेच धोतर खोचून चाकाच्या पोकळीशी बसले. पाना कसा धरायचा, कुठल्या दिशेने फिरवायचा, उलट का फिरवायचं नाही, सगळं दाखवलं. मग मी वर आले, तिसऱ्या तोंडातलं फडकं काढलं आणि बॅटरी लावली. आत काजळी तशीच, काळी, शांत. शेजारची दोन तोंडं मी उघडली नाहीत.

“किती फिरवू?” खालून ते.

“हळूहळू. मी थांबा म्हणेपर्यंत.”

पाना कुरकुरला. व्हॉल्व्ह हलला. एरवी या वेळी खालून बोलणं चालू असायचं, भाजीला काय करायचं इथपासून निखिलच्या लग्नापर्यंत, आणि मध्येच तो प्रश्न. आता पान्याचा आवाज आणि दिगंबररावांचा श्वास एवढंच ऐकू येत होतं. व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकत आला, कड जुळली, उजेडाची शेवटची रेघ मिटली. मी वाट बघत राहिले. कशाची, ते मला दोन श्वासांनंतर कळलं. प्रश्न येणार नव्हता.

“बसला,” मी म्हटलं.

पाना थांबला. “काय म्हणालात, ताई?”

“काही नाही. थांबा तिथंच.”

मग बंदूक मी हातात घेतली. त्याआधी पुन्हा एकदा आत बघितलं, आणि मग पुन्हा. स्वतःच्या शब्दावर मी इतकी विसंबून नव्हते. हवा सोडली. रवा एकदाही अडकला नाही. काजळी सुटत गेली, व्हॅक्युम घरघरत राहिलं, आणि खालून धातू दिसायला लागला. आतले कण फुंकून काढले, शेजारच्या दोन तोंडांतली फडकी आत न बघता काढली, नवं गॅस्केट बसवलं. मसाल्याचा डबा उघडला. जिऱ्याच्या वाटीतले वरचे, मोहरीतले खालचे. बोल्टांना अजून किंचित जिऱ्याचा वास होता. सगळे आपापल्या जागी गेले, एकही उरला नाही.

किल्ली फिरवली. इंजिनाने थोडं खाकरल्यासारखं केलं आणि मग लागलं. काही वेळाने त्याचा आवाज एकसारखा झाला. शोभा अशा वेळी मडगार्डवर तळहात ठेवून उभी राहायची, डोळे मिटून. दिगंबररावांनी तसाच हात ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं. बराच वेळ ठेवला. “थरथरत न्हाई,” ते म्हणाले.

“नाही.”

“निखिलला काय सांगू?”

“सांगा, झाली. तिन्ही झाले. आत काही बघायची गरज नाही म्हणावं.”

त्यांनी मान डोलावली. मग आत गेले आणि ताट वाढून आणलं. वरण, भात, आणि भाजी बहुधा शेजारून आलेली. आम्ही जेवलो. निघताना उरलेली टरफलं त्यांनी माझ्या हातात दिली. “हे तुम्हीच न्या. इथं आता कोन खातंय अक्रोड?” गाडी मागे घेताना ते मागे उभे राहिले खरे, पण नुसता हात हलवत होते. मी आरशात बघून काढली.

गाडी गेली. चांगली गेली, असं निखिलने कळवलं. घेणारा परभणीकडचा आहे म्हणे. पुढच्या वर्षी पाळी माझ्या गाडीची. कोण फिरवणार, कोण बघणार, हे मी अजून कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही. लातुरात माझ्या स्वयंपाकघरात फळीवर टरफलांचा डबा आहे, त्यात तिची टरफलं ओतली, आता तो जवळजवळ भरला आहे. जेवण झालं की मी अक्रोड फोडते. मला अक्रोड आवडत नाहीत, कधीच आवडत नव्हते. गर चावून खाते, टरफलं डब्यात टाकते. आणि गुरुवारी डबा खाली काढून हलवते. परवा लक्षात आलं, हलवताना मी तो स्वतःच्या कानाशी धरत नाही. हात लांब करते आणि ओट्यावर फोन टेकवून ठेवायचे तिथे, त्या जागेसमोर धरते… खडखडीत वाजतात. चांगली वाळली आहेत.